अर्विड कांगासची दुर्बीण

१

डेल ट्रॉम्बली सापडला तो पंधरा नोव्हेंबरला, हरणांच्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी. अर्विड कांगासच्या कुंपणापासून चाळीस पावलं आत, सिडारच्या दलदलीत, उताणा पडलेला. अंगात तपकिरी कॅनव्हासचा कोट, माणूस लांबून ओळखू यावा म्हणून शिकारी घालतात तसलं नारिंगी काहीच नाही. गोळी बरगड्यांखालून आरपार गेली होती. त्याच्या डोक्याखाली मात्र कुणीतरी नारिंगी जाकिटाची घडी करून ठेवली होती, उशीसारखी.

शेजारच्या ओंडक्यावर अर्विड बसला होता. वय एकोणऐंशी. मांडीवर त्याच्या बापाची जुनी लिव्हरची रायफल. शेरीफची माणसं आली तेव्हा त्याने ती आपणहून पुढे केली.

"मी मारलं," तो म्हणाला. "हरीण वाटलं."

दुसऱ्या एखाद्या माणसाच्या बाबतीत एवढ्यावर भागलं असतं. आमच्या भागात दर दोन-चार वर्षांनी असा एक अपघात होतो. लोक हळहळतात, चर्चमध्ये कॉफी पितात आणि पुढच्या वर्षी परत रानात जातात. पण अर्विड आणि डेल यांचं कुंपणावरून बारा वर्षं वाजलेलं होतं. सप्टेंबरमध्ये गावसभेत चाळीस माणसांदेखत अर्विड म्हणाला होता, "पुढच्या खेपेला माझ्या हद्दीत दिसलास ना डेल, तर पाय दोन आहेत की चार ते मोजत बसणार नाही मी."

त्या चाळिसांत मीही होतो. मी हसलोसुद्धा होतो.

माझं नाव ऑस्कर पेल्टो. बंदुका दुरुस्त करतो. एकेचाळीस वर्षं करतोय, आणि खरं सांगायचं तर गेली दहा वर्षं नुसती सवय म्हणून. त्या दुपारी शेरीफच्या कचेरीतून फोन आला. अर्विडच्या रायफलवरची दुर्बीण ऑगस्टमध्ये मीच बसवली होती.

२

ऑगस्टमधला तो दिवस मला नीट आठवतो, कारण कांगासांच्या तीन पिढ्या एकदम दुकानात आल्या होत्या.

अर्विडने रायफल काउंटरवर ठेवली. एकावन्न सालची, खालच्या लिव्हरने काडतूस चढवायची. निळं पॉलिश झिजून लोखंड रुपेरी झालेलं, दस्ता हातांच्या घामाने काळा पडलेला. "नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी दिसेनासा झालाय," तो म्हणाला. "दुर्बीण बसव."

"याला भोकं नाहीत," मी म्हणालो. "वरती चार पाडावी लागतील. जुनी वस्तू आहे, जीव तुटतो माझा."

"तुझा तुटू दे. माझे डोळे तुटलेत त्याचं काय?"

त्याचा मुलगा मार्टिन दाराजवळ उभा होता, दोन्ही हात खिशात. मार्टिन चार वर्षं तुरुंगात होता. बारमध्ये एकाचं डोकं फोडलं होतं त्याने. तेव्हापासून बंदुकीला हात लावायची त्याला कायद्याने बंदी, म्हणून माझ्या दुकानात तो नेहमी असाच उभा राहायचा, कुणी झडती घेणार असल्यासारखा.

"ती मोठी द्या, ऑस्कर," तो लांबूनच म्हणाला. "नऊपट दाखवणारी. पुढे केवढी काच आहे बघा."

"दलदलीत साठ यार्डांपलीकडे काही दिसतं का तुमच्या? नऊपटीने नुसते केस दिसतील, ते हरणाचे की अस्वलाचे तेही कळणार नाही. शिवाय ती बसणार उंच. हा दस्ता साध्या नेमासाठी बनवलाय, खाली उतरलेला. गाल टेकायचा कुठे? मान वर करून बसेल म्हातारा, बदकासारखा."

"म्हातारा कुणाला म्हणतोस?" अर्विड म्हणाला.

शेवटी मी अडीचपटीची काढली. बारीक नळी, सरळसोट, पुढे फुगवटा नाही. अगदी खाली बसते, आजूबाजूचं रान भरपूर दिसतं आणि डोळा चांगला चार बोटं मागे ठेवता येतो. त्या रायफलीची रिकामी काडतुसं उजव्या बाजूने बाहेर पडतात, त्यामुळे वर दुर्बीण बसवायला आडकाठी नव्हती. वरच्या बाजूने उडवणारी जात असती तर मी सरळ नाही म्हणून सांगितलं असतं.

अर्विडची नात सिल्वी एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बसवून झाल्यावर तिने रायफल खांद्याला लावून पाहिली आणि लगेच मान पुढे काढून डोळा काचेला भिडवला.

"मागे, मागे!" मी ओरडलो. "धक्का बसला की ही कडा मुका घेते कपाळाचा. चंद्रकोर उमटते."

"काहीच दिसत नाहीये पण. सगळं धुक्यासारखं."

"ते तुला नाही दिसायचं. ती तुझ्या आजोबांसाठी लावलीय."

खरंच तसं होतं. अर्विडचा चष्मा म्हणजे बाटलीची बुडं. थंडीत श्वासाने तो धुरकटतो, म्हणून नेम धरताना तो चष्मा कपाळावर ढकलतो. मी मागची काच फिरवून फिरवून त्याच्या उघड्या डोळ्याला आणली, आतली काळी फुली त्याला स्वच्छ दिसली तेव्हा थांबलो आणि कडं घट्ट आवळलं. मग मी स्वतः डोळा लावून पाहिला, तर माझ्यासाठी फुली म्हणजे पावसातला कोळ्याचा धागा.

३

गोळीबारानंतर दोन दिवसांनी व्हर्ना कोटिला रायफल घेऊन आली. ती शेरीफकडची तपास अधिकारी. माझ्या मुलीच्या वर्गात होती. त्या दिवशी तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"एवढंच सांगा," ती म्हणाली, "दुर्बीण सरळ आहे का? रोखलं तिथे गोळी जाते का? सरकारी वकील म्हणतोय, ठरवून मारलं. अर्विड म्हणतो, हरीण वाटलं. नेम वाकडा निघाला तर निदान वाद घालता येईल."

"तुला त्याला वाचवायचंय?"

"मला घरी जाऊन झोपायचंय, ऑस्करकाका."

मी पिशवीचं सील फोडलं, आत काडतूस नाही ना ते पाहिलं, रायफल लाकडी पकडीत बसवली आणि खिडकीतून समोरच्या धान्याच्या कोठाराकडे रोखली. चष्मा सारखा केला, डोळा लावला.

फुली सुरीच्या धारेसारखी स्वच्छ दिसत होती. कोठाराच्या फळीवरचा खिळा दिसत होता.

मी डोळा काढला आणि पुन्हा लावला.

"काय झालं?" व्हर्नाने विचारलं.

"तुमच्यापैकी कुणी मागची काच फिरवली का?"

"रायफल अर्विडच्या हातातून पिशवीत आणि पिशवीतून इथे. मी स्वतः सील केलंय. का?"

मी कड्याला बोट लावलं. ते घट्ट होतं, पण मी आवळलेल्या जागी नव्हतं. आधी ते जिथे बसलं होतं तिथली तेलाची रेघ पाच-सहा आटे पलीकडे दिसत होती. कडेच्या खाचांमध्ये तांबूस काहीतरी सुकलेलं होतं. गंज, असं माझ्या मनात आलं आणि मी ते तिथेच सोडलं. मला दुसऱ्याच गोष्टीने घाम फुटला होता.

सांगितलं नसतं तर? चाळीस वर्षांची मैत्री होती. पण मी सांगून बसलो. म्हातारपणी तोंडाला कुलूप राहत नाही.

"ही दुर्बीण शेवटची ज्याने वापरली," मी म्हणालो, "त्याचे डोळे चांगले आहेत. अर्विडला यातून झाड आणि माणूस यातला फरकसुद्धा कळणार नाही. गोळी त्याने झाडलेली नाही."

व्हर्नाने पिशवीवरचं फुटलेलं सील बोटाने सपाट केलं. मग म्हणाली, "टपालवाल्या बाईने त्या सकाळी आठला मार्टिनची गाडी दलदलीच्या रस्त्यावर पाहिलीय. तो मला म्हणाला, मी घरी झोपलो होतो."

४

मार्टिनला बंदूक बाळगल्याबद्दलच पाच वर्षं झाली असती. माणूस मेल्याचं वेगळं. मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांगासांकडे गेलो.

स्वयंपाकघरात लाकडाची चूल भडकली होती. मी कोट काढला, मग स्वेटर काढला. मार्टिन बनियनवर टेबलाशी बसला होता. त्याचं टकलं डोकं घामाने चमकत होतं. सिल्वीने कॉफी ओतली, निसूचे, म्हणजे आमच्याकडच्या गोड पावाचे, काप पुढे ठेवले. वेलदोड्याचा वास सुटला होता, पण कुणी काही तोंडाला लावलं नाही. तिने लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढली होती. तिच्या गालांवरून घाम ओघळत होता.

"बरं वाटत नाहीये का गं?" मी विचारलं.

"सर्दी आहे."

मार्टिनकडे वळून मी म्हणालो, "व्हर्ना येईल आज. तुझी गाडी पाहिलीय कुणीतरी."

"येऊ दे."

"आणि दुर्बीण तुझ्या बापाच्या डोळ्यांची राहिलेली नाही. मी सांगितलंय तिला."

सिल्वीच्या हातातली किटली चुलीवर आपटली. मार्टिनने मात्र डोळे मिटले. ओझं घेऊन चढण चढताना माणूस मध्येच थांबून घेतो ना श्वास, तसा त्याने एक श्वास घेतला.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं, ऑस्कर?" तो हळूच म्हणाला.

बाहेर गाडी थांबली. व्हर्ना आत आली, बूट न काढता. तिने तोंड उघडायच्या आतच मार्टिन उठून उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले.

"मी मारलं," तो म्हणाला. "बाप माझ्यासाठी खोटं बोलतोय. काच मीच फिरवली."

"पप्पा!" सिल्वी म्हणाली.

"तू गप्प बस. कॉलेजला जा तू."

एकाच गोळीचे आता दोन धनी झाले होते. गाडी गेल्यावरही सिल्वी दारातच उभी राहिली, त्या उकाड्यात, टोपी तशीच कानांवर ओढून.

५

परतताना वाटेत एका वळणावर मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

दुर्बिणीची नळी ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही.

मग खाचांमधलं ते तांबूस काय होतं? रक्त. ज्याने गोळी झाडली त्याचा डोळा काचेला भिडलेला होता आणि धक्का बसल्यावर कडेने त्याचं कपाळ फोडलं होतं. अर्विडचं कपाळ मी टीव्हीवर पाहिलं होतं, सुरकुत्या सोडल्या तर कोरं. मार्टिनचं टक्कल तर नुकतंच समोर घामाने चमकत होतं, साधा ओरखडा नव्हता. आणि तो लहानपणापासून शिकारी; मान पुढे काढून नेम धरणाऱ्यातला नव्हे.

मान पुढे काढणारं माणूस मला माहीत होतं. मीच ओरडलो होतो तिच्यावर.

मी गाडी वळवली आणि तुरुंगात गेलो. अर्विड काचेपलीकडे येऊन बसला. नारिंगी कपड्यांत तो लहान दिसत होता.

"मार्टिनने कबुली दिलीय," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. "गाढव आहे तो. त्याचा काय संबंध? माझी औषधाच्या गोळ्यांची डबी द्यायला आला होता."

"माहीत आहे. दोघांचाही संबंध नाही, तेही माहीत आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बाटलीच्या बुडांमागचे डोळे मोठे, ओले.

"छातीत दुखत होतं त्या सकाळी," तो म्हणाला. "म्हटलं, पोरी, मी इथेच मागे टेकतो, तू जा माझ्या जागेवर. बंदूक तिच्या हातात मीच दिली. परवानापण मीच काढायला लावला. ऑस्कर, माझं हृदय अर्धंच चालतं. मला जन्मठेप दिली तरी दोन हिवाळ्यांची. तिला पन्नास हिवाळे काढायचेत. हिशेब सोपा आहे."

"तू खुनी ठरशील."

"ठरू दे. तू तोंड बंद ठेव. एकदा उघडलंस तेवढं पुरे झालं."

मीही थकलो होतो. नऊपटीची बसवली असती तर झाडणाऱ्याला कोटाची बटणं दिसली असती का, हा विचार मला तीन रात्री झोपू देत नव्हता.

"दुर्बीण हरीण शोधायला नसते हे मी तिला सांगायला हवं होतं," मी म्हणालो. "आधी उघड्या डोळ्यांनी खात्री करायची, मग काच."

"ते मी सांगायचं होतं," अर्विड म्हणाला. "मी आजोबा आहे."

६

मी व्हर्नाला फोन केला नाही. सिल्वीला केला. ती तासाभरात दुकानात आली.

मी सगळं तिच्यापुढे मांडलं: फिरवलेली काच, कडेचं रक्त, चुलीजवळची टोपी. तिने ऐकून घेतलं. शेवटी टोपी काढली. उजव्या भुवईवर जांभळी चंद्रकोर होती, टाके न घातलेली, कडा उघड्या.

"मला धूसर दिसत होतं," ती म्हणाली. "म्हणून उजाडता उजाडता मीच काच फिरवली. मग तपकिरी काहीतरी हललं. खाली वाकलेलं होतं, कुंपणातून येत होतं. मी..." तिने टोपी हातात चुरगळली. "आजोबा म्हणाले, घरी जा, फोन कर, एक शब्द बोलू नकोस. वाटेत पप्पांनी मला पाहिलं, तोंडावर रक्त होतं. तेही म्हणाले, बोलू नकोस. सगळे मला तेच सांगतात."

"मी नाही सांगत."

"तुम्ही व्हर्नाला सांगणार?"

"नाही. पण ऐक. तुझ्या आजोबांचं डेलशी वैर होतं. त्यांनी मारलं तर तो खून. तुझ्या बापाने मारलं तर तुरुंगातून सुटलेला गुंड, बंदी असताना बंदूक. दोषी ठरवायला ज्युरी पाणी प्यायलाही थांबणार नाही. तुझं त्याच्याशी काय भांडण होतं?"

"काहीच नाही. लहानपणी मला त्यांच्या ट्रॅक्टरवर बसवायचे ते."

"मग ही गोष्ट अपघात ठरू शकते ती फक्त एकाच माणसाच्या तोंडून."

ती बराच वेळ काउंटरच्या लाकडावर नखाने रेघ ओढत राहिली.

"मला नर्स होता येईल का?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

ती उठली. मी गाडीची किल्ली घ्यायला लागलो तर म्हणाली, "नको. मी एकटी जाते."

संध्याकाळी व्हर्नाचा फोन आला. "आली होती. सगळं लिहून दिलंय." मग म्हणाली, "ते जाकीट, डेलच्या डोक्याखालचं. मी पहिल्याच दिवशी अंगाला लावून पाहिलं होतं. मलाच तंग होतं. अर्विडचे खांदे कोठाराच्या दाराएवढे."

"तुला माहीत होतं?"

"जाकिटाने पोरीला गुन्हेगार करता येत नाही, ऑस्करकाका. ती आपल्या पायांनी येते का, तेवढं बघत होते मी."

७

खटला उभा राहिला नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा तिने कबूल केला. निकाल मार्चमध्ये लागला: सहा महिने कैद, तीन वर्षं देखरेख आणि आयुष्यभर बंदुकीला बंदी. अर्विडला खोट्या कबुलीबद्दल न्यायाधीशबाईंनी चार शब्द सुनावले आणि घरी पाठवलं. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याला ऐकू किती आलं कोण जाणे.

निकालानंतर आम्ही बाहेरच्या लांब बाकावर बसलो होतो. सिल्वीला न्यायला अजून दहा मिनिटं होती. तेवढ्यात डेलची बायको लॉरेन दालनातून बाहेर आली. पूर्ण सुनावणीत ती एक अक्षर बोलली नव्हती. ती सरळ आमच्याकडे आली. मार्टिन उठून मध्ये उभा राहिला. सिल्वीने त्याचा हात बाजूला केला.

"मला एकच विचारायचंय," लॉरेन म्हणाली. "तू तिथेच होतीस?"

"हो."

"किती वेळ?"

"शेवटपर्यंत. वीस मिनिटं असतील. मी जखम दाबून धरली होती. आम्हाला शिकवलं होतं तसंच धरलं होतं, पण..."

"तो काही बोलला?"

सिल्वीने माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, व्हर्नालाही नाही.

"मी म्हणत होते, मी मिसेस ट्रॉम्बलींना बोलावून आणते, घर जवळच आहे. तर त्यांनी माझी बाही धरली. म्हणाले, तिला उठवू नकोस. रात्रपाळी करून आलीय."

लॉरेनची पर्स एका हातातून दुसऱ्या हातात गेली. मग ती सिल्वीच्या शेजारी बाकावर बसली, मधे वीतभर जागा सोडून, आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली,

"मी जागीच होते. आवाज ऐकला. म्हटलं, चला, मिळालं याला हरीण. उठले आणि हरणाच्या काळजाबरोबर परतायला कांदा चिरायला घेतला."